रुळांवरून आलेले शब्द

कर्जतहून खोपोलीस जाताना पहिले स्थानक लागते ते पळसदरीचे. १८५६ साली आगगाडी येथून खोपोलीपर्यंत पोहोचली. परंतु पळसदरीहून खंडाळ्यास चढणारा बोरघाटातील मार्ग खुला व्हावयास १८६३ साल उजाडले. घाटात सदतीस फुटांमागे एक फूट इतका बिकट चढ आहे. आगगाडीने माणसांबरोबर शब्दांचीही ने-आण केली, आणि त्यांतील कित्येकांचा अर्थ अशा चढणीशी उभे राहिल्यावरच उलगडतो.

घाट चढणाऱ्या गाडीस मागून रेटा देण्याकरिता कर्जतला जी इंजिने जोडतात, त्यांस 'बँकर' म्हणतात. नवख्यास पेढीवाला आठवतो. परंतु पेढीची 'बँक' इटलीतील सराफांच्या बाकावरून आली. इंजिनाची 'बँक' म्हणजे नदीकाठचा किंवा मातीचा उंचवटा, आणि रेल्वेच्या बोलीत चढण. चढणीवर साहाय्य करणारा तो बँकर.

'वाफ सोडणे' म्हणजे दाबून धरलेला राग मोकळा करणे, असा इंग्रजी वाक्प्रचार आहे. बाष्पपात्रातील दाब मर्यादेबाहेर जाताच झडप उघडून वाफ निसटते. न निसटली तर पात्र फुटावयाचे. तेव्हा या बोलण्यात उतावळेपणापेक्षा सावधगिरीचा भाव अधिक आहे. मराठीतील 'तोंडाची वाफ दवडणे' मात्र निराळे. ती वाफ श्वासाची, आणि ती दवडणे म्हणजे व्यर्थ बोलणे. शब्दास शब्द ठेवून भाषांतर करणाराची येथे हटकून फसगत होते.

'हिरवा कंदील दाखविणे' म्हणजे संमती देणे, हे मराठीत आता इतके रुळले आहे की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. परंतु आरंभीच्या काळी इंग्लंडातील रेल्वेवर 'मार्ग मोकळा' ही खूण पांढऱ्या दिव्याची होती; हिरवा दिवा 'जपून जा' असे सांगे. पांढऱ्या खुणेत दोष असा की तांबडी काच फुटली म्हणजे धोक्याचाच दिवा पांढरा दिसे, आणि वाटेवरील इतर दिव्यांशीही त्याची गल्लत होई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोकळ्या मार्गाचा मान हिरव्याकडे आला. बोरघाटातून पहिली गाडी गेली त्या वर्षी इंग्लंडातील एखाद्या गार्डाचा हिरवा कंदील संमती नव्हे, इशारा देत होता.

'लाइन क्लिअर' हा शब्द तर मराठी घरांतही शिरला. सोयरीक जुळवताना मुलीच्या वडिलांचा होकार आला की मध्यस्थ म्हणतो, "लाइन क्लिअर आहे!" मूळ अर्थ असा की पुढील स्थानकाने रूळ मोकळे असल्याची ग्वाही दिल्यावाचून मागील स्थानकाने गाडी सोडावयाची नाही. ती ग्वाही खोटी ठरली तर समोरासमोर दोन गाड्या येत.

१९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने धावू लागली आणि वाफेचे राज्य ओसरले. तरी ज्यांनी ही यंत्रे कधी पाहिली नाहीत तेही वाफ सोडतात, कंदील दाखवितात. यंत्र मोडीत निघाले म्हणून शब्द मोडीत निघत नाही. मात्र त्याचा अर्थ नीट कळावयाचा तर एकदा त्या यंत्रापाशी जावे लागते.