मावशींची रात्र कशी जाते?



गटाच्या बैठकीत एखादी मावशी विचारते, "माझा हप्ता लिहिला का गं?" दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आपण हसतो. घरी सून म्हणते, "आता वयच झालं." पण मावशींना रात्री झोप लागते का, हे कुणीच विचारत नाही.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि मागाहून आठवणं, हे कुणाचंही होतं. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या वाटेवर गोंधळणं, नेहमीचा हिशेब न जमणं, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना हा आजार आहे.

गाढ झोपेत मेंदू दिवसभरातल्या आठवणी पक्क्या करतो. ब्रिटनमध्ये सुमारे आठ हजार लोकांची २५ वर्षं पाहणी झाली. २०२१ साली तिचे निष्कर्ष आले. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये हा आजार सात तास झोपणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला. कमी झोपेनंच आजार होतो, असं यातून सिद्ध होत नाही. उलट, आजार सुरू होतानाही झोप बिघडते. म्हणून घाबरायचं नाही, पण लक्ष ठेवायचं.

गटाची वही आपण लिहितोच. तशीच एक वही आठवडाभर घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी लिहा. किती वाजता झोपले, रात्री कितीदा उठले, दिवसा किती झोपले, काय विसरले. मोठ्यानं घोरताना श्वास अडकतो का, झोपेत हातपाय झाडतात का, तेही लिहा. ही वही आणि चालू असलेली सगळी औषधं घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. थायरॉईडचा त्रास, बी-१२ ची कमतरता, उदासी किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपाय होतो. दुकानातून झोपेची गोळी मात्र आणू नका. माहितीसाठी ज्येष्ठांची मोफत हेल्पलाईन आहे, १४५६७.

आणि मैत्रिणींनो, सगळ्यात शेवटी आडवं व्हायचं नि सगळ्यांच्या आधी उठायचं, ही आपली रीत. त्या वहीत एक ओळ स्वतःच्या झोपेचीही लिहा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, हप्ते झाले की एकत्र वाचू.