न दुखणाऱ्या डोळ्याचें छायाचित्र

रावेर किंवा शिरपूर तालुक्यांतील पन्नाशीच्या एखाद्या गृहस्थास मधुमेह जडून दहा वर्षें झालेलीं असतात. वर्तमानपत्र वाचतां येतें, हिशेबाची वही दिसते, डोळा दुखत नाहीं कीं लाल होत नाहीं. नेत्रवैद्याकडे जाण्याचें सुचविलें कीं तो म्हणतो, "मला तर स्वच्छ दिसतें." त्याचें म्हणणें खरें असतें, आणि धोका आहे तो नेमका त्यांतच.

डोळ्याच्या आंतील बाजूस दृष्टिपटल नांवाचा सुमारें पाव मिलिमीटर जाडीचा नाजूक पडदा असतो. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे या पडद्यांतील केसाहून बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. कोठें फुगतात, कोठें पाझरतात, कोठें बंद पडतात. पुढें ठिसूळ अशा नव्या वाहिन्या फुटतात व त्यांतून रक्तस्राव होतो. इतकें होईपर्यंत रोग्यास पुष्कळदां कांहींच जाणवत नाहीं. मोतीबिंदु काढला कीं दृष्टि परत येते. एकदां निकामी झालेला हा पडदा मात्र बदलतां येत नाहीं.

जिवंत माणसाचें दृष्टिपटल पाहण्याचें यंत्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं पुढें आणलें. १९६१ मध्यें अमेरिकेंत नोवोट्नी व आल्विस यांनीं शिरेंत फ्लुओरेसीन हा रंग टोचून तो पडद्यांतून वाहत असतांनाच छायाचित्रें घेण्याची रीत प्रसिद्ध केली. कोणती वाहिनी पाझरते हें त्यांत दिसूं लागलें. १९९१ मध्यें 'ओ. सी. टी.' ही पद्धति आली. पडद्याच्या निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशावरून त्याचा उभा छेद, सुरी न लावतां, चित्रांत उतरतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा फरकहि त्यांत ओळखूं येतो.

अशीं यंत्रें शहरांत असतात. रोगी पुष्कळदां दूरच्या गांवीं असतो. म्हणून आतां मोबाईलवर चालणारा लहान कॅमेरा निघाला आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या दोनशेंहून अधिक मधुमेही लोकांचीं छायाचित्रें अशा कॅमेऱ्यानें घेऊन, इंटरनेटवांचून, त्या मोबाईलमधील संगणक-प्रणालीकडूनच तपासून घेण्यांत आलीं. नेत्रवैद्याकडे धाडण्याजोगा एकहि रोगी तिच्या हातून सुटला नाहीं. कांहीं जणांना मात्र तिनें विनाकारण धाडण्याजोगें ठरविलें. पाहणी लहान होती, तरी दिशा आशादायक आहे.

रावेरच्या वा शिरपूरच्या दवाखान्यांत असें छायाचित्र निघालें, तर पुढें कोणी जावयाचें हें तेथेंच कळेल. पण छायाचित्र म्हणजे उपचार नव्हे. लेसरसाठीं किंवा डोळ्यांत औषध टोचून घेण्यासाठीं रावेरकरास सहसा जळगांव व शिरपूरकरास धुळें गांठावें लागतें. औषध तर पुनःपुन्हां टोचावें लागतें. प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडें आणि सोबतीला घरचें माणूस. उपचार अर्ध्यावर सुटण्याची भीति येथेंच असते.

यासाठीं मधुमेहाचें निदान होतांच, व पुढें साधारणतः दर वर्षीं, दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर कांहीं तास अंधुक दिसतें. त्या दिवशीं स्वतः वाहन चालवूं नये. घरांतील वडीलधाऱ्यांबरोबर, आणि शेतावरील जुन्या गड्याबरोबरहि, घरच्या कोणीतरी जावें. "स्वच्छ दिसतें" असें ते म्हणतात, तोंवरच त्यांना नेण्याची वेळ आहे.