श्रमदानाला जा, पण पासपोर्ट आपल्याच खिशात ठेवा

श्रोतेहो, घराच्या पायाविषयी मी या केंद्रावरून बोललो, त्यानंतर बरीच पत्रं आली. गंमत अशी की त्यांतली पुष्कळशी पायाविषयी नव्हतीच. केज, गेवराई, पाटोदा, धारूर, कुठलंही पत्र उघडावं तर लिहिणारं कुणीतरी विशीतलं आणि प्रश्न तोच: परदेशात गरीब कुटुंबांची घरं बांधायला स्वयंसेवक जातात म्हणे, आम्हालाही जायचंय, काय करावं लागेल? एकेकाला उत्तर लिहिणं आता होत नाही, म्हणून आज सगळ्यांना मिळून सांगतो.

आधी हे काम चालतं कसं ते पाहू. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था 1976 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. भारतात ती 1983 पासून आहे. दहा-पंधरा जणांचा गट एखाद्या देशात आठवडा-दोन आठवड्यांसाठी जातो. गवंडी तिथलेच असतात. आलेली माणसं विटा वाहतात, माल कालवतात, भराव टाकतात, रंग देतात. ज्याचं घर, ते कुटुंबही बरोबरीनं राबतं, संस्थेची तशी अटच असते. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ मळवलीला ऑक्टोबर 2006 च्या अखेरीस असं मोठं काम झालं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तेव्हा 82 वर्षांचे होते. ते आणि त्यांच्या पत्नी रोझलिन स्वतः हातात हत्यारं घेऊन उभे राहिले. सुमारे 2,000 स्वयंसेवक, 100 घरं आणि एक आठवडा. कार्टर यांच्या आई लिलियन तर त्याच्या चाळीस वर्षं आधी, वयाच्या 68 व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सेवादलाच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिकेचं काम करायला आल्या होत्या. तेव्हा वयाची सबब कुणी सांगू नये.

आता नीट ऐका. स्वयंसेवकाला पगार नसतो. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, विमा हा सगळा खर्च त्याचा त्यानं करायचा असतो, आणि बहुतेक वेळा घराच्या बांधकामासाठी देणगीही त्यानंच जमवायची असते. हे मी मुद्दाम दोनदा सांगतो: पगार नसतो. कारण तुमच्या पत्रांत आणखी एक वाक्य फिरून फिरून येतं. "एक ओळखीचे आहेत, ते म्हणतात, आधी सेवेसाठी जा, मग तिथंच कामाला लावून देतो."

असं म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. तो नात्यातला असला तरी पाठवा. ज्याला खरोखर घरं बांधायला माणसं हवी असतात, तो पुढच्या नोकरीचं आमिष दाखवत नाही. आणि ज्याच्याकडे खरोखर नोकरी असते, तो तिला सेवा म्हणत नाही. दोन्ही एकत्र सांगणाऱ्याचा डोळा तुमच्या पैशावर असतो, किंवा तुमच्या मुलावर. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीची उचल म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. मुकादम निदान आधी पैसे हातात ठेवतो आणि मग राबवून घेतो. हा तर आधी तुमच्याकडूनच पैसे घेतो आणि मग राबवतो.

व्हिसाचं बघा. पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसावर कित्येक देशांत फुकट काम करायलाही परवानगी नाही. पकडलं तर दंड, परत पाठवणी आणि पुढे त्या देशाचं दार बंद. म्हणून बोलावणारी संस्था कोण, तिचं लेखी पत्र कुठं आहे आणि व्हिसा कुठल्या प्रकारचा, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढं सरकू नका. पैसे द्यायचेच असतील तर संस्थेच्या खात्यावर द्या आणि पावती घ्या. कुणाच्या मोबाईल नंबरवर नाही. तिकीट जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही हातात हवं. आणि पासपोर्ट आपल्याच खिशात. "ऑफिसात सुरक्षित राहील" असं कुणी म्हटलं तर समजा की तिथून निघायची वेळ झाली.

नोकरीसाठीच जायचं असेल तर उघड नोकरीसाठी जा, त्यात कमीपणा काही नाही. त्यासाठी ई-मायग्रेट नावाचं सरकारी पोर्टल आहे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते तिथं दिसतं. अशा एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर काही देशांसाठी सरकारी मंजुरी लागते. ती तुमच्या भल्यासाठीच आहे, तिला बगल देऊन नेतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. थायलंडमार्गे म्यानमारला किंवा कंबोडिया-लाओसला नेऊन आपल्या देशातल्या मुलांकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत घडल्या आहेत. परराष्ट्र मंत्रालयानं त्याबद्दल वेळोवेळी सावध केलंय. ती मुलंही चांगल्या कामाला म्हणूनच घरून निघाली होती.

हे माझ्या कागदावर नाही, पण बोलतोच. आयांनो, बापांनो, मुलाला परदेशी पाठवायला अर्धा एकर विकू नका हो. गळ्यातलं गहाण टाकू नका. पासपोर्टची सरकारी फी 1,500 रुपये आहे. त्याच्यासाठी पाच-सहा हजार मोजून आलेली माणसं भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. मुलाची जिद्द चांगली आहे, तिचा सौदा कुणाला करू देऊ नका.

आता कामाकडे. परदेशी माणसांनी आपल्याकडे येऊन राबण्याची रीत जुनी आहे. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्यानं 1920 मध्ये फ्रान्समध्ये युद्धात उद्ध्वस्त झालेलं एक गाव उभं करायला वेगवेगळ्या देशांतली माणसं जमवली. त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना निघाली. 1934 च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः मुझफ्फरपूरकडे आले आणि खेडी वसवायला राबले. पुढे पन्नासच्या दशकात याच संघटनेचे स्वयंसेवक बाबा आमट्यांच्या आनंदवनात बांधकामाला आले. ते कुष्ठरुग्णांसोबत राहतात, तिथलंच खातात हे पाहून वरोऱ्याच्या लोकांचा संकोच कमी होऊ लागला. भिंती तर उभ्या राहिल्याच, त्याशिवाय हेही झालं.

भूकंपाचं म्हणाल तर किल्लारी आपल्याला काही लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं माणसांवर आलं. त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली, देशभरातून मदत आली, पक्की घरं झाली. पण जनावरं कुठं बांधणार, कडबा कुठं रचणार, चूल कुठं मांडणार, हे जिथं कुणी विचारलं नाही, तिथं लोकांनी नव्या घरापुढे पत्र्याचे आडोसे उभे केले. ज्या गावांत घरं दुरुस्तच करायची होती, तिथं मालकांनी स्वतः काम केलं आणि अभियंते सल्ल्याला राहिले. ती घरं लोकांना आपली वाटली. नेपाळमध्ये 2015 च्या भूकंपानंतर घरमालकालाच टप्प्याटप्प्यानं तीन लाख नेपाळी रुपये दिले, तेही याच विचारानं. म्हणून परक्या गावात पोचल्यावर आधी घरातल्या बाईला विचारा, मग घमेलं उचला.

आणि आधी घमेलं उचलायला शिका. हौशी माणसाच्या हातात पहिल्या दिवशी थापी देऊ नये. ओळंबा न बघता लावलेले थर गवंड्याला संध्याकाळी उपसावे लागतात, तोंडावर मात्र तो काही बोलत नाही. शिकायला परदेश लागत नाही. आपल्या गावात एखाद्या घरकुलाचं काम जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं असेलच. सरकारचे 1,20,000 रुपये हप्त्यानं येतात, आणि पुढच्या हप्त्याआधी घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून गेलेली असतात. मागं राहते आजी. भिंतीच्या नव्या कामावर सात ते दहा दिवस पाणी मारावं लागतं. टँकरच्या एका हंड्यावर भागवणाऱ्या म्हातारीनं ते कुठून आणावं? गावातल्या चार पोरांनी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्या भिंतीवर पाणी मारलं, विटा भिजवून दिल्या, खडी आत टाकली, तर काम शिकून होतं आणि घरही उभं राहतं. परदेशी संस्थेच्या अर्जात अनुभवाचा रकाना असतो, त्यात हे अभिमानानं लिहा.

राहिलेले प्रश्न भराभर घेतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. बूट जाड तळाचे असावेत, चप्पल घालून कामावर जाऊ नये. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. मुलींनी जावं का? जरूर जावं, गटानं जावं. पहिल्यांदाच जाताय तर नेपाळ बरं, तिथं भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. तिथं पोचल्यावर भारतीय दूतावासाचा नंबर वहीत लिहून ठेवा, फोन हरवतो.

आणि कुणी तुम्हाला एखादं पत्र, करार, पैशाचा आकडा दिला असेल तर त्याची झेरॉक्स या केंद्राच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. मी वाचेन आणि उत्तर देईन. मात्र पैसे देण्याआधी पाठवा. दिल्यानंतर आलेल्या पत्राला काय लिहावं, हे मला अजून सुचलेलं नाही.