शीतकंटेनर आणि आपला शेतमाल



शेतमाल दूर पाठविणे नांदगाव तालुक्याला नवे नाही. मनमाड जंक्शन याच तालुक्यातले. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघालेल्या देशातील पहिल्या किसान रेल्वेला तेथे थांबा होता. समुद्रापार जाणारा नाशवंत माल मात्र न्हावाशेवा बंदरातून शीतकंटेनरने जातो. या कंटेनरमध्ये माल थंड होतो, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः ते यंत्र मालातील थंडावा टिकविते. तापलेला माल गार करणे हे त्याचे काम नव्हे. म्हणूनच निफाड-दिंडोरीकडील निर्यातीची द्राक्षे सकाळच्या गारव्यात तोडतात, काही तासांतच पूर्वशीतकरण करून मण्यांचे तापमान सुमारे ४ अंशांवर आणतात आणि नंतर शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. दुपारच्या उन्हात रेंगाळलेली क्रेट आपली हकीकत तीन-चार आठवड्यांनी युरोपात सांगते!

अर्थात सारेच दोष थंडीने झाकत नाहीत. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली, आणि बागाईतदारांना मोठा फटका बसला. त्यावर कोणत्याही शीतयंत्राचा इलाज नव्हता.

नांदगावच्या कांद्याची प्रकृती द्राक्षाहून वेगळी. त्याला कोरडी, खेळती हवा लागते. म्हणून कंटेनरच्या झडपा उघड्या ठेवतात. शेतात नीट न सुकलेला कांदा तेथेही कोंब धरील, नाहीतर सडेल. तेव्हा निर्यातीचा विचार करणाऱ्या गावाने कंटेनरच्या भाड्याची चौकशी करण्याआधी चाळीचे छप्पर आणि खालून येणारा वारा तपासावा.