चंदेरी दार अन् चुकलेला हप्ता

(दुसरबीड येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी मांडलेले मनोगत)



पापड-मसाल्याचे अनुभव आपण पुष्कळ ऐकले. माझा अनुभव गाडीच्या रंगाचा आहे. रस्त्याच्या कडेला आमचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं दुकान. गटातून कर्ज उचललं ते कॉम्प्रेसर अन् गनसाठी. आधी मी नुसती पुट्टी घासायची, रंग घरचे मारायचे. त्यांचा हात दुखावला अन् गन माझ्या हातात आली.

पहिलंच मोठं काम, चंदेरी मेटॅलिक गाडीचं दार. बेस मारला, वरून क्लिअर मारलं. सावलीत झक्कास दिसलं. गाडी उन्हात काढली तर दारावर ढग! कुठं काळसर, कुठं पांढरट पट्टे. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, हे दुसऱ्याच गाडीचं दार लावलं काय?" गाडी तिथंच ठेवून, पैसे न देता गेले. दोन दिवसांवर गटाची बैठक, अन् हप्ता त्याच पैशातून द्यायचा होता.

घाबरून मी दिवसभर रबिंग कंपाउंडनं घासत बसले. चमक वाढली, ढग तसेच. तेव्हा घरच्यांनी समजावलं. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात, टिकलीसारखे. सगळे सारखे आडवे बसले तर चमक एकसारखी. रंग फार ओला पडला की कण बुडतात, तिरपे होतात, ती जागा काळसर दिसते. फार कोरडा पडला की पांढरट. क्लिअर म्हणजे वरची काच. फोटोवर डाग असला अन् आपण फ्रेमची काच पुसत बसलो, तसं माझं चाललं होतं. क्लिअरवर धूळ बसली, ओघळ आला, संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले, तर 1500-2000 नंबरचा वॉटर पेपर अन् पॉलिश कामाला येतं. ढग खालच्या थरात असतो, तिथं पॉलिश पोचतच नाही.

मग सगळं परत. क्लिअर नीट वाळू दिलं. 800 च्या वॉटर पेपरनं पाणी घेत घेत अख्खं दार मंद केलं, पुसून कोरडं केलं. डबा तळापासून ढवळला, कारण कण तळाला बसतात. (पहिल्या वेळी मी वरवरच ढवळला होता, हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.) रंग गाळून घेतला, आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितला. मग दारावर पातळ हात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत, मनगट न वळवता. एक हात मंद झाल्यावरच दुसरा. शेवटी गन थोडी लांब धरून, हवा कमी करून एक हलका फवारा. त्यानं कण सारखे पसरतात.

अन् मुख्य गोष्ट, क्लिअर मारायच्या आधी उजेडात सगळ्या बाजूंनी बघायचं. तेव्हा ढग दिसला तर एका फवाऱ्यात काम होतं. नंतर दिसला तर पहिल्यापासून. बेस मात्र नुसता घासून सोडायचा नाही, घासलेली जागा वेगळीच चमकते, तिच्यावर परत बेस मारावाच लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थिनर भराभर उडतं, म्हणून मी हळू वाळणारं थिनर घेते अन् सकाळीच काम उरकते.

तुमची स्कूटी रंगवली तर तुम्हीही पैसे द्यायच्या आधी उन्हात बघा. आम्हा रंगवाल्यांना सावली फार आवडते.

दार जमलं. पण बैठकीच्या दिवशी हप्ता नव्हताच. मी खरं कारण सांगितलं. गटानं दंड घेतला, थकबाकी वहीत लिहिली, आठ दिवसांची मुदत दिली. गिऱ्हाईक पाचव्या दिवशी पैसे देऊन गेलं.

आता माझा दुसरा कर्जाचा अर्ज आहे. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा छातीत गेला तर दमा लागतो. तोंडाला पदर किंवा कापडी मास्क बांधून ते अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क घ्यायचाय. तोवर मी फक्त बेस मारते, क्लिअरसाठी दार दुसरीकडे पाठवते, त्यात निम्मी मजुरी जाते. अर्ज सीआरपी ताईंकडे दिलाय. पुढच्या बैठकीत तुम्ही काय ते ठरवा.