राडारोडा वेगळा, कचरा वेगळा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



गणपती जवळ आले की घरोघरी डागडुजी निघते. कोणी फरशी बदलतो, कोणी मोरी नव्याने बांधतो. उरलेला राडारोडा, म्हणजे इथला मलबा, गोणीत भरतो. त्याच गोणीत भाजीची देठे, थर्माकोल, फुटकी ट्यूबलाइटही जाते. ठेलेवाला ती उचलतो. कुठे नेतो, हे आपण विचारत नाही.

लखनौत रोज सुमारे २००० टन कचरा निघतो. तो मोहान रोडवरच्या शिवरी येथील प्रकल्पात जातो. तेथे साचलेला जुना ढीगच साडेअठरा लाख टनांचा होता. ओल्या कचऱ्याचे खत होते. प्लास्टिक, चिंध्यांचे इंधन सिमेंटच्या भट्ट्यांत जाते. त्यात विटा-सिमेंट मिसळले की खत बिघडते आणि इंधन नीट जळत नाही. कामाच्या दोन वस्तूंचा मिळून एक निरुपयोगी ढीग होतो.

ढीग हटवता येतो, हेही या शहराने पाहिले. घैला भागातील कचऱ्याची जागा साफ करून उभारलेल्या राष्ट्र प्रेरणा स्थळाचे उद्घाटन २५ डिसेंबर २०२५ रोजी झाले. पण हटवण्यापेक्षा न साठवणे सोपे, नाही का?

राडारोडा टाकाऊ नाही. विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात कालवून बांधकाम करण्याची रीत या नवाबी शहराला जुनीच आहे. आज तोच चुरा यंत्रात दळून पेव्हर ब्लॉक बनवतात. मात्र तो स्वच्छ हवा. बांधकामाचा कचरा घरच्या कचऱ्यापासून वेगळा ठेवावा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही सांगितले होते.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. काम काढण्यापूर्वीच मलबा कुठे द्यायचा, ते नगर निगमाच्या झोन कार्यालयात विचारावे आणि मिस्त्रीशी तसे ठरवावे. अखंड विटा, चौकटी, लोखंड बाजूला काढून गरजूला किंवा कबाडीवाल्याला द्यावे. ट्यूबलाइट, रंगाचे डबे स्वतंत्र ठेवावेत. आपल्या मंडपालाही हाच नियम लावू या.

नाल्यात टाकलेला मलबा पावसाचे पाणी अडवतो; ते पाणी आधी सखल वस्तीतल्या गरिबाच्या घरात शिरते. आपले घर सणासाठी स्वच्छ व्हावे आणि दुसऱ्याचे बुडावे, हे विघ्नहर्त्याला कसे रुचेल?

गणपती बाप्पा मोरया!