हृदयातील जागेचा प्रश्न



जयपूरच्या जंतरमंतरात सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेले सम्राटयंत्र आहे. सावलीवरून वेळ सांगणाऱ्या या यंत्राची उतरती भिंत जमिनीशी सुमारे २७ अंशांचा कोन करते, कारण जयपूरचा अक्षांशच तेवढा. त्याच राजाने उज्जैनला असे यंत्र बांधविले, तेव्हा हा कोन सुमारे २३ अंशांचा ठेवावा लागला. कालयंत्र नुसते अचूक असून भागत नाही. ते आपल्या जागेशी जुळावे लागते.

हृदयाच्या पेसमेकरलाही हाच नियम लागू पडतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंदे म्हणतात. उजव्या अलिंदाच्या माथ्याशी ठोक्याचा उगम आहे, हे कीथ व फ्लॅक यांनी १९०७ साली दाखविले. तेथून डाव्या अलिंदाकडे संदेश नेणाऱ्या स्नायुपट्ट्याचे वर्णन बाखमन यांनी १९१६ साली केले. हे उगमस्थान थकले, की पेसमेकरची तार नीलेतून उजव्या अलिंदात उतरवितात. मग प्रश्न उरतो: तिचे टोक टेकवायचे कोठे?

या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक खिसा असतो. त्यातील स्नायूंच्या जाळीत तार सहज अडकते आणि सहसा निसटत नाही. म्हणून ही जागा फार दिवस वहिवाटीची ठरली. परंतु तेथून डावे अलिंद दूर पडते, संदेश उशिरा पोहोचतो आणि दोघांची जोडचाल बिघडते. मधल्या पडद्यावर, बाखमनच्या पट्ट्याजवळ तार रोवली तर हा विलंब घटतो. मात्र तेथे टोक स्क्रूसारखे फिरवून बसवावे लागते, आणि अलिंदाची भिंत तर अवघी दोन-तीन मिलिमीटर जाडीची! तार बाहेरच्या कडेला गेली, तर जवळचा मज्जातंतू चाळवून ठोक्यागणिक उचकी लागण्याचा संभव असतो.

पडद्यावरील जागेमुळे अलिंदांची अनियमित थरथर टळेल, अशी आशा होती. पण तुलनात्मक प्रयोगांनी एकमुखी कौल दिलेला नाही. म्हणून ज्याचा संदेश मुळातच रेंगाळतो, त्याच्यासाठी पडद्याचा विचार करावा. जेथे तार पक्की राहणेच महत्त्वाचे, तेथे खिसा बरा.

आम्हा सरकारी नोकरांना सर्वांस एकच नियम लावण्यात न्याय दिसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र न्याय वेगळा असतो: तेथे नियमाने माणसाकडे पाहून आपली जागा ठरवावयाची असते.